एकाच खुर्चीसाठी गुरू आणि शिष्या

पत्राचा सारांश: पत्रलेखक 46 वर्षांचे आहेत. एका पूर्णवेळ सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये ते 19 वर्षे दुसरा ट्रॉम्बोन वाजवत आहेत आणि आठवड्यातून दोन दिवस संगीत महाविद्यालयात शिकवतात. त्यांच्या ऑर्केस्ट्रातील मुख्य ट्रॉम्बोनवादक निवृत्त होत असून त्या जागेसाठी ऑडिशन जाहीर झाली आहे. पत्रलेखक अर्ज करणार, असे सहकारी धरूनच चालले आहेत. त्यांच्याकडे आठ वर्षे शिकणारी 27 वर्षांची शिष्याही याच जागेची तयारी करते आहे आणि ऑडिशनच्या उताऱ्यांसाठी तिने त्यांच्याकडे जादा वेळ मागितला. त्यांनी होकार दिला, दोन पाठही झाले. मात्र आपणही अर्जाचा विचार करतो आहोत, हे त्यांनी तिला सांगितलेले नाही. अर्ज केला तर शिष्येच्या वाटेत आडवे आल्यासारखे होईल आणि न केला तर उरलेली सगळी वर्षे तिच्या हाताखाली बसावे लागेल, तेव्हा काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या पत्रातले एक वाक्य कंसात आले आहे, आणि माझ्या मते सगळ्या पत्राचा भार त्याच वाक्यावर आहे. दुसऱ्या पाठाच्या वेळी शिष्येने राव्हेलच्या ‘बोलेरो’मधील ट्रॉम्बोनचा एकल भाग वाजवला आणि एका लांबलचक स्वरवाक्याच्या मधोमध श्वास घेतला. तिथे श्वास घेतला की पुढचा वरचा स्वर आवळल्यासारखा येतो, हे तुम्हाला पक्के ठाऊक असूनही तुम्ही तिला थांबवले नाही. ‘राहून गेले की मी राहू दिले, हे माझे मलाच कळले नाही,’ असे तुम्ही लिहिता. स्वतःकडे इतके स्वच्छ पाहणे सोपे नसते, म्हणून या वाक्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. आणि उत्तराची सुरुवातही मी तिथूनच करते.

या प्रसंगावरून तुम्ही अप्रामाणिक शिक्षक ठरता, असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्या खुर्चीवर आपला डोळा आहे त्याच खुर्चीसाठी दुसऱ्याला तयार करणे, ही मांडणीच अशी आहे की तिच्यात भल्या माणसालाही स्वतःच्या मौनाची खात्री देता येत नाही. तुमच्या शिष्येच्या बाजूने पाहिले तर गोष्ट अधिक गंभीर होते. शिक्षक काही बोलले नाहीत याचा अर्थ ती जागा बरोबर वाजली, असे ती आठ वर्षे समजत आली आहे आणि आजवर ते खरेही होते. तिला कल्पना नसताना तो अर्थ बदलला आहे. तुमचा प्रश्न अर्ज करावा की नाही असा आहे, आणि त्याला मुदतीपर्यंत तीन आठवडे आहेत. तिला सांगण्याची गोष्ट मात्र पुढच्या पाठापर्यंतही थांबू शकत नाही. या दोन गोष्टी तुम्ही एकमेकींत गुंतवल्या आहेत. अर्जाचा निर्णय झाला की सांगेन, असा तुमचा विचार दिसतो. मी म्हणेन की निर्णय झालेला नसतानाच सांगा, कारण तिला तुमच्या निर्णयाइतकीच तुमच्या मनातल्या दुविधेचीही माहिती असायला हवी.

आता ‘हाताखाली’ या कल्पनेकडे वळते. दुसरी खुर्ची ही खालची पायरी आणि पहिली ही वरची, असे धरून तुम्ही पत्र लिहिले आहे. वेतनाच्या दृष्टीने ते खरे आहे, कार्यक्रमपत्रिकेतल्या नावांच्या क्रमानेही खरे आहे. कामाच्या दृष्टीने मात्र ते तितकेसे खरे नाही, आणि हे माझ्यापेक्षा तुम्हालाच अधिक ठाऊक आहे, कारण तुम्ही स्वतःच पत्रात दीड पान त्यावर लिहिले आहे. तीन ट्रॉम्बोनांनी मिळून एखादा मोठा (मेजर) स्वरमेळ धरला की गंधार, म्हणजे मेळाच्या पायाच्या स्वरापासूनचा तिसरा स्वर, बहुतेक वेळा मधल्या वादकाकडे येतो. तो गंधार पियानोच्या स्वराइतका ठेवला तर मेळ खरखरतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातले साधारण 14 भाग तो खाली उतरवावा लागतो, तेव्हा कुठे तीन माणसांचा आवाज एकाच घशातून आल्यासारखा वाटतो. ट्रॉम्बोनच्या स्लाइडवर, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या नळीवर, सात स्थाने असली तरी त्यांची एकही खूण नळीवर कोरलेली नसते. ती जागा मनगट आणि कान मिळून शोधतात, तीही समोरच्याचा स्वर ऐकून, त्या संध्याकाळी तो जसा आला असेल तसा. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीत ट्रॉम्बोन तीन भाग गप्प बसतात आणि चौथ्या भागाच्या प्रारंभी, हॉर्न या वाद्याच्या सुरावटीनंतर, हळुवार स्वरमेळ घेऊन प्रथमच उमटतात. त्या क्षणाबद्दल तुम्ही लिहिले आहे की पहिल्या वादकाच्या खांद्याची हालचाल दिसण्याआधीच तुम्हाला त्याचा श्वास ऐकू येतो आणि तुमचा श्वास आपोआप त्यात मिसळतो. हे ज्याला जमते त्याला दुय्यम म्हणणे मला शक्य नाही. ऑडिशनमध्ये ट्रॉम्बोनवाल्यांना हमखास वाजवावा लागणारा, मोझार्टच्या रेक्विएममधील ‘तूबा मीरूम’चा एकल भाग मुळात मधल्या, म्हणजे टेनर ट्रॉम्बोनच्या प्रतीत लिहिलेला आहे, ही गोष्ट तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांना नक्कीच सांगत असाल.

पहिल्या खुर्चीचे काम याहून वेगळ्या जातीचे आहे. शूमानच्या तिसऱ्या सिम्फनीत बराच वेळ थांबल्यानंतर चौथ्या भागात ट्रॉम्बोन येतात आणि पहिल्या वादकाला आल्याआल्या, ओठ थंड असताना, फार वरचे स्वर हलक्या आवाजात घ्यावे लागतात. माहलरच्या तिसऱ्या सिम्फनीचा पहिला भाग तर ट्रॉम्बोनच्या एकल वादनासाठीच ओळखला जातो. शिवाय अनेक जुन्या रचनांमध्ये पहिल्या वादकाला आल्टो ट्रॉम्बोन, म्हणजे आकाराने लहान आणि वरच्या स्वरांचा ट्रॉम्बोन, हातात घ्यावा लागतो, तालमीत कंडक्टरशी बोलावे लागते, कोणी चुकले तर सगळ्या विभागाच्या वतीने उत्तर द्यावे लागते. एकोणीस वर्षे दुसऱ्या खुर्चीवर उत्तम काम केलेल्या माणसाला हे काम आवडेलच, असे नसते आणि जमणार नाही, असेही नसते. म्हणून एक निरीक्षण नोंदवते, ते चुकीचे असेल तर सोडून द्या. तुमच्या पत्रात दुसऱ्या खुर्चीबद्दल दीड पान आहे, आणि पहिल्या खुर्चीबद्दल एकच वाक्य आहे: ‘सगळे धरून चालले आहेत की मी अर्ज करणार.’ त्या खुर्चीवर बसून काय वाजवावेसे वाटते, विभागाचा आवाज कसा घडवावासा वाटतो, याबद्दल एक अक्षरही नाही. तुम्हाला ती जागा हवी आहे, की ती न मागणारा माणूस म्हणून ओळखले जाणे नको आहे? दुसरे कारण लज्जास्पद नाही, पण त्याच्या आधारावर पुढची पंधरा-वीस वर्षे आल्टो ट्रॉम्बोनचा रियाज करत राहणे फार कठीण जाईल.

याचे उत्तर विचार करून मिळेलच असे नाही. वाजवून मिळण्याची शक्यता अधिक आहे. जाहीर झालेली उताऱ्यांची यादी समोर ठेवा, आठ-दहा दिवस रोज त्यावर काम करा आणि मग एका दिवशी ऑडिशनसारखेच, न थांबता, एकदाच वाजवून ध्वनिमुद्रण करा. दोन दिवस ते ऐकू नका. नंतर ऐकताना स्वर चुकले का, एवढेच पाहू नका. त्या तयारीच्या दिवसांत तुम्ही सकाळी वाद्य पेटीतून काढायला उत्सुक होता की नुसते कर्तव्य म्हणून बसत होता, हेही आठवून पाहा. वयाचा मुद्दा तुम्ही काढला आहे, त्यावर थोडक्यातच सांगते: या वयात नव्याने मुख्य वादक होणे अशक्य नाही, मात्र ओठांना दोन कठीण सत्रांमध्ये लागणारी विश्रांती तिशीतल्यापेक्षा जास्त असते आणि तेवढी जागा तुमच्या शिकवण्याच्या वेळापत्रकात आज नाही. मुख्य जागा मिळाली तर शिकवणे कमी करावे लागेल, हे गणित अर्ज भरण्याआधीच मांडून पाहा.

शिष्येबद्दल तुम्ही एक शंका व्यक्त केली आहे: ‘मुलगी गुणी आहे, पण पहिल्या खुर्चीचा शारीरिक ताण तिला झेपेल का?’ या वाक्यापाशी मी थांबले. हीच शंका तुम्ही एखाद्या मुलाबद्दल घेतली असती का, याचा शांतपणे विचार करा. ॲबी कोनंट यांची हकीकत तुमच्या वाद्याच्या इतिहासातलीच आहे. 1980 साली म्युनिक फिलहार्मोनिकने त्यांना ऑडिशनला बोलावले ते पुरुष समजून, नावामागे ‘श्री.’ लावून, पडद्याआडून त्यांचे वादन ऐकून समितीने त्यांना पसंत केले आणि मुख्य ट्रॉम्बोनवादकाची जागा त्यांना मिळाली. पुढे 1982 मध्ये, या जागेसाठी लागणारी ताकद त्यांच्यात नाही असे सांगून त्यांना दुसऱ्या खुर्चीवर बसवण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या, आपल्या फुप्फुसांची क्षमता सिद्ध करण्यासाठी त्यांना वैद्यकीय चाचण्यासुद्धा द्याव्या लागल्या, आणि 1988 साली मुख्य जागा त्यांना परत मिळाली. जे वादन पडद्याआडून पुरेसे होते ते पडदा सरकल्यावर अपुरे कसे ठरले, हा प्रश्न त्या प्रकरणाने कायमचा विचारून ठेवला आहे. तुमची शंका त्याच कुळातली आहे, असा आरोप मी करत नाही. पण तुम्ही आठ वर्षे तिचा आवाज ऐकता आहात. तिच्या दमसासात खरोखर काही उणे असेल तर ते कुठल्या उताऱ्यात, कोणत्या मात्रेवर जाणवते, हे तुम्हाला नेमके सांगता यायला हवे. तसे सांगता येत नसेल तर ती शंका मनातून काढून टाकावी.

‘तिच्या वाटेत येणे’ हाही शब्दप्रयोग मला तपासून पाहावासा वाटतो. पत्र वाचताना असे चित्र उभे राहते की खोलीत दोनच माणसे आहेत आणि मध्ये एक खुर्ची आहे. वस्तुतः मोठ्या ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोनच्या जागा साधारण तीनच असतात आणि त्या अनेक वर्षांतून एकदा रिकाम्या होतात. म्हणून एका जागेसाठी दूरदूरचे अनेक उत्तम वादक येतात, आणि कधीकधी समिती कोणालाच न निवडता ऑडिशन संपवते. तुम्ही बाजूला झालात म्हणून ती जागा तिला मिळेल असे नाही, आणि तुम्ही उभे राहिलात म्हणून तिची हुकेल असेही नाही. सर्वत्र जय इच्छावा पण शिष्याकडून पराजय इच्छावा, हे जुने वचन तुम्ही उद्धृत केले आहे आणि त्यातून अर्ज न करण्याकडे कल दाखवला आहे. मला त्या वचनातून उलटेच ऐकू येते: शिष्याकडून पराजय व्हायचा तर गुरूला मैदानात उतरावे लागते, तेही पूर्ण तयारीनिशी. तिच्यासाठी म्हणून मागे हटलात आणि ते तिला पुढे कधी कळले, तर तिने स्वतःच्या बळावर मिळवलेल्या जागेवर तुमच्या उपकाराची सावली पडेल. मागे हटायचे असेल तर तुमच्या स्वतःच्या कारणासाठी हटा.

तिच्याशी बोलायचे कसे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मला वाटते अडले आहे ते तिथेच. पाठाच्या वेळी, वाद्य हातात असताना, हा विषय काढू नका; वेगळे भेटा. ‘मी स्वतः या जागेसाठी अर्ज करण्याचा विचार करतो आहे, अजून ठरवलेले नाही, आणि हे मी तुला पहिल्या पाठाआधीच सांगायला हवे होते,’ एवढे सरळ सांगा. त्यानंतर ‘बोलेरो’तल्या त्या श्वासाबद्दलही सांगून टाका, कुठे घ्यावा तेही दाखवा, तिचे देणे तेवढे चुकते होईल. तिने लगेच ‘काही हरकत नाही, सर’ असे म्हटले तरी त्यावर विसंबू नका. आठ वर्षांच्या शिष्येला त्या क्षणी दुसरे काही म्हणता येत नाही. या ऑडिशनची तयारी तिने दुसऱ्या कोणाकडे करावी, हे तुम्हीच सुचवा, तुमच्या ओळखीतल्या एखाद्या चांगल्या वादकाला स्वतः फोन करून तिच्यासाठी वेळ मागा, आणि महाविद्यालयातले तिचे नेहमीचे पाठ चालू ठेवायचे की ऑडिशन होईपर्यंत थांबवायचे, हे तिला ठरवू द्या. तिला राग आला तर तो येऊ द्या. लगेच समजावण्याची घाई करू नका.

ऑर्केस्ट्राच्या कार्यालयालाही लेखी कळवणे आवश्यक आहे, आणि इथे तुमच्या पत्रात एक गैरसमज दिसतो. अर्ज केला नाही तर आपण निवड समितीत बसू आणि मग काही अडचण नाही, असे तुम्ही म्हणता. अडचण आहेच. ऑडिशन पडद्यामागून झाली तरी तिने दोन स्वर वाजवले की तुम्ही तिला ओळखाल. पडदा चेहरा झाकतो, आवाज नाही. तसेच तुम्ही उमेदवार असलात तर 19 वर्षे तुमच्या शेजारी वाजवणारे सहकारी तुम्हाला ओळखतील. नियम प्रत्येक ठिकाणी निरनिराळे असतात, म्हणून अंदाज न करता विचारा: उमेदवाराच्या शिक्षकाने समितीत बसावे का, बसल्यास मत द्यावे का, आणि निवड झाल्यानंतरच्या प्रोबेशनच्या काळात अभिप्राय कोण देतो. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तिची निवड झाली आणि तुम्ही दुसऱ्या खुर्चीवर राहिलात, तर ती कायम व्हावी की नाही यावर तुमचे मत मागितले जाण्याची दाट शक्यता आहे, आणि तेव्हा तुम्ही तिचे शिक्षकही असाल, सहकारीही, आणि कदाचित हरलेले प्रतिस्पर्धीही. त्या मतापासून दूर राहण्याची परवानगी आत्ताच मागून ठेवणे दोघांच्याही हिताचे आहे.

तुम्हाला सर्वांत जास्त भीती ज्याची वाटते त्या शक्यतेबद्दल बोलायला हवे. समजा ती पहिल्या खुर्चीवर आली. दुसऱ्याच तालमीत ती एखादा स्वर तुम्हाला खटकेल इतका वर ठेवेल. आजवर असे झाले की तुम्ही तिला थांबवत होता. आता तुमचे काम आहे तो स्वर जसा आहे तसा धरून त्याखाली गंधार लावणे, आणि बोलायचेच असेल तर मध्यंतरात, सहकाऱ्याने सहकाऱ्याला विचारावे तसे विचारणे. हे अवघड आहे, पण यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट तुम्ही 19 वर्षे करत आला आहात. नवीन आहे ते केवळ माणूस. तिच्यासाठी तर ते अधिक अवघड असेल, कारण तिला आपल्या सरांना ‘इथे थोडे हळू’ असे सांगावे लागेल. ते पहिल्यांदा सांगण्याची वेळ येईल तेव्हा तिला फार विचार करावा लागू नये, याची काळजी तुम्ही घेऊ शकता: ती मुख्य वादक झाली की महाविद्यालयातले तिचे शिक्षण पूर्ण झाले असे दोघांनी स्पष्ट ठरवावे, आणि ऑर्केस्ट्रात तिने तुम्हाला कसे हाक मारावी हेही एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावे. जागा तुम्हाला मिळाली, तर तिच्याशी पहिले बोलणे अभिनंदन स्वीकारण्याचे नसावे. तिच्या पुढच्या ऑडिशनसाठी शिफारसपत्र लिहिण्याचे असावे. आणि दोघांनाही मिळाली नाही, तर महिनाभर तरी त्या यादीतला एकही उतारा कोणी वाजवू नये.

शिकवणे म्हणजे आपल्या ‘खऱ्या’ कामाला जोडलेली पुरवणी, असा सूर तुमच्या पत्रात एक-दोनदा आला, त्याबद्दलही लिहिल्यावाचून राहवत नाही. एमरी रेमिंग्टन यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल या संगीत विद्यालयात 1922 पासून 1971 पर्यंत ट्रॉम्बोन शिकवला आणि त्यातली बरीच वर्षे ते तिथल्या फिलहार्मोनिकमध्ये वाजवतही होते. विद्यार्थी वाजवत असताना ते शेजारी बसून गात असत, आणि त्यांनी तयार केलेले सकाळचे लांब स्वरांचे पाठ आज ट्रॉम्बोन उचलणारा जवळजवळ प्रत्येक जण वाजवतो. तुम्हीही वाजवता, तुमची शिष्याही वाजवते. त्यांची खुर्ची पहिली होती की दुसरी, हे ते पाठ वाजवताना कोणाच्या मनातही येत नाही. तुमची शिष्या ऑडिशनच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचण्याच्या योग्यतेची आहे, असे तुम्ही स्वतः लिहिता. हे कामही तुमचेच आहे, आणि अर्जाचा निर्णय घेताना ते हिशेबात धरा.

तुमच्यासारखीच अडचण अनेक वाजवणाऱ्या शिक्षकांना येते, मग वाद्य कोणतेही असो, म्हणून त्यांच्यासाठी एक सूचना. जे आजही स्वतः ऑडिशन देतात त्यांनी नवा विद्यार्थी वरच्या वर्गात आला की पहिल्याच सत्रात सांगून ठेवावे: ‘एखाद्या जागेसाठी मी स्वतः उभा राहणार असेन तर जाहिरात आल्यापासून आठवड्याच्या आत तुला कळवीन, आणि त्या जागेची तयारी तू दुसऱ्याकडे करशील.’ दुसऱ्या शिक्षकाचे नावही तेव्हाच देऊन ठेवावे, आणि त्या शिक्षकाच्या विद्यार्थ्यांसाठी तशीच सोय आपण करू, असे त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे.